मोडलेले नाक आणि साडेतीन हजार वर्षांचे शहाणपण



आपल्या भाषेने नाकाला जेवढा मान दिला आहे, तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला क्वचितच दिला असेल. घराण्याची अब्रू गेली की आपण 'नाक कापले' असे म्हणतो. माफी मागण्याची पाळी आली की 'नाक घासावे लागले' म्हणतो. घमेंडखोर माणसाच्या नाकावर माशी बसत नाही. आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूतही 'नाक का सवाल' हा इज्जतीचाच सवाल असतो. असे असूनही हे नाक जेव्हा खरोखर मोडते, तेव्हा नेमके काय करावे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. ते आधी सांगतो.

माझा एक चुलतभाऊ बारा वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर हुतुतू खेळत होता. पकड करताना दुसऱ्या मुलाचे डोके त्याच्या नाकावर आदळले. रक्ताची धार लागली. मुले धावली, मोठी माणसे धावली. कोणी त्याचे डोके मागे धरून तोंड आभाळाकडे केले, कोणी डोक्यावर पाण्याची घागर ओतली, कोणी कांदा फोडून हुंगवला. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थाने 'हाड बसवतो' म्हणून दोन बोटांनी नाक ओढून पाहिले. रक्त थांबले आणि सर्वांना वाटले, संकट टळले. चौथ्या दिवशी नाक दोन्ही बाजूंनी बंद झाले, ताप भरला. दवाखान्यात नेले तेव्हा तेथेही नाक बाहेरूनच पाहिले गेले. सूज आहे, उतरेल, असे सांगून गोळ्या दिल्या. सूज उतरली खरी, पण सुजेबरोबर नाकाचा मधला भागही खाली बसला. तो भाऊ आज आजोबा झाला आहे. रात्री तोंडाने श्वास घेतो, आणि लग्नसमारंभात छायाचित्र काढताना अजूनही रांगेच्या कडेला उभा राहून मान वळवतो.

त्या दिवशी त्याच्याभोवती जमलेल्यांपैकी कोणीही वाईट मनाचा नव्हता. सर्वांची माया होती, फक्त माहिती नव्हती. आणि ही माहिती काही कालपरवाची नाही. माणसाने ती साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवण्यास सुरुवात केली. त्या माहितीचा प्रवास मिसर, यूनान, हिंदुस्थान, बगदाद, कुर्तुबा आणि आपले पुणे असा झाला आहे. तो प्रवास आज आपण थोडक्यात पाहू, आणि शेवटी घरी व शाळेत काय करावे याचीही उजळणी करू.

नाक म्हणजे काय?

प्रथम आपल्या नाकाची घडण समजून घेऊ. दोन डोळ्यांच्या मध्ये बोट ठेवा. तेथे टणक लागते ते हाड. दोन लहान, पातळ हाडे तेथे छपरासारखी एकमेकांना टेकलेली आहेत. बोट खाली आणा. नाकाचा खालचा, शेंड्याकडचा भाग वाकतो. तो हाडाचा नसून कूर्चेचा, म्हणजे लवचिक चिवट पदार्थाचा असतो. आत दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभा पडदा आहे. त्याचाही पुढचा भाग कूर्चेचाच. या पडद्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या पातळ आवरणातून त्याचे पोषण होते. ही एक गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, कारण माझ्या भावाच्या नाकाचे रहस्य तिच्यातच आहे.

चेहऱ्याच्या सर्व हाडांत नाकाचे हाड सर्वांत पुढे आलेले, आणि पातळही. म्हणूनच चेहऱ्यावर मार बसला की बहुधा तेच आधी मोडते. क्रिकेटचा चेंडू, कबड्डीतील धडक, सायकलवरून पडणे, जिन्यावरून घसरणे, आणि अलीकडे मोटारसायकलचा अपघात, ही त्याची नेहमीची कारणे.

मिसरच्या कागदावरील नोंद

इ. स. १८६२ मध्ये एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने मिसर देशातील लक्सर येथे एक जुनी गुंडाळी विकत घेतली. ती पपायरस नावाच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर लिहिलेली होती. तिचा पूर्ण अर्थ लागून इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हायला १९३० साल उजाडले. ते काम जेम्स ब्रेस्टेड या विद्वानाने केले. तेव्हा जग थक्क झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षे लिहिलेली, आणि त्याहूनही जुन्या मजकुरावरून उतरवलेली ती नक्कल म्हणजे जखमा आणि मोडलेली हाडे यांवरील वैद्यकीय ग्रंथ होता. त्यात ४८ रुग्णांची वर्णने डोक्यापासून खाली अशा क्रमाने दिली आहेत, आणि त्यांत मोडलेल्या नाकाचीही आहेत.

त्या अज्ञात वैद्याची पद्धत पाहा. नाकपुड्यांत साकळलेले रक्त तागाच्या कापडाच्या बोळ्यांनी आधी स्वच्छ करावे. मग चरबीत भिजवलेले दोन बोळे दोन्ही नाकपुड्यांत ठेवावेत. सूज उतरेपर्यंत रुग्णाला स्वस्थ ठेवावे. बाहेरून कापडाच्या घट्ट गुंडाळ्या दोन्ही बाजूंना लावून नाक जागेवर धरावे, आणि त्यानंतर रोज चरबी व मध लावावा. आत आधार, बाहेर आधार, आणि विश्रांती. आजच्या इस्पितळातही उपचारांचा सांगाडा हाच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नाक चेचले गेले असून नाकातून आणि त्याच बाजूच्या कानातूनही रक्त येत असेल, आणि रुग्णाला बोलता येत नसेल, तर त्याविषयी तो वैद्य लिहितो की, यावर माझ्याजवळ इलाज नाही. कानातून रक्त येणे म्हणजे मार केवळ नाकाला नसून कवटीच्या तळाला लागला असण्याची शक्यता, हे आज आपण जाणतो. त्या वैद्याजवळ क्ष-किरण नव्हते. पण नाक पाहताना सबंध डोके पाहायचे असते, हे त्याला समजले होते.

यूनानी हकिमाचा टोमणा

इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात यूनान देशात बुकरात, म्हणजे हिपोक्रेटिस, होऊन गेला. आपल्याकडील युनानी वैद्यक त्याला आपला आद्य पुरुष मानते. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात सांध्यांवरील एक ग्रंथ आहे. त्यात मोडलेल्या नाकावर बरेच लिहिले असून थोडा टोमणाही मारलेला आहे. काही वैद्यांना नाकावर सुबक, नक्षीदार पट्ट्या बांधण्याची फार हौस असते. रुग्णही एक दिवस खूष असतो. पण दाबून बांधलेल्या पट्टीने बसके नाक अधिकच बसते, असा त्याचा आशय आहे. पट्टीच्या शोभेपेक्षा नाक आतून उचलून सरळ करणे महत्त्वाचे आहे, आणि त्यानंतर मऊ हाताच्या बाईने किंवा मुलाने बोटांनी हळुवार आधार देत राहणे उत्तम, असे तो सांगतो.

नाकाचे हाड सुमारे दहा दिवसांत जुळते, म्हणून ते सरळ करायचे तर वेळेत करा, असेही तेथे बजावले आहे. वेळेचे हे महत्त्व पुढे प्रत्येक शतकात पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि प्रत्येक शतकात लोकांनी ते दुर्लक्षिले.

सुश्रुत आणि बगदादचा रस्ता

आपल्या देशात सुश्रुतसंहितेने या विषयात फार मोठी मजल मारली. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तिच्यातील शस्त्रक्रियेचे ज्ञान प्राचीन आहे याविषयी कोणाचा वाद नाही. मोडलेल्या हाडांच्या प्रकरणात तेथे सांगितले आहे की, बसलेले किंवा वाकडे झालेले नाक सळईने आतून उचलून सरळ करावे, दोन्ही नाकपुड्यांत दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळ्या बसवाव्यात, वरून पट्टी बांधावी आणि तूप शिंपडावे. नळ्या कशासाठी? आतून आधार मिळावा आणि रुग्णाचा श्वासही चालावा. किती साधी आणि किती शहाणपणाची योजना!

याच ग्रंथात तुटलेले नाक गालाच्या कातडीतून नव्याने घडवण्याची कृतीही आहे. झाडाचे पान नाकाच्या आकाराएवढे कापून त्या मापाने कातडी घ्यावी, एका बाजूने ती गालाशी जोडलेलीच ठेवावी, आणि नाकाच्या जागी शिवावी. कातडी जिवंत राहायची तर तिचा रक्तपुरवठा तोडता कामा नये, हे त्या वैद्यांनी अनुभवाने ओळखले होते.

हा ग्रंथ हिंदुस्थानातच राहिला नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस अब्बासी खिलाफतीचे बगदाद हे विद्येचे माहेरघर बनले होते. बरमकी घराण्यातील वजीर यहया बिन खालिद याच्या आज्ञेने मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून दिला, अशी नोंद इब्न अल-नदीम याच्या 'अल-फिहरिस्त' या ग्रंथसूचीत आहे. अरबी हकीम सुश्रुताला 'सुस्रुद' म्हणत आणि त्याचा आधार घेत. विद्यार्थी मित्रांनो, ज्ञान कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, हे त्या लोकांनी विचारले नाही. ते खरे आहे का आणि रुग्णाच्या उपयोगी आहे का, एवढेच पाहिले.

कुर्तुबाचा अबुल कासिम

आता आपण युरोपच्या पश्चिम टोकाला, मुसलमानांच्या अंदलुस प्रांतात, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये जाऊ. कुर्तुबा शहराजवळील मदीनत अल-जहरा या राजनगरीत सुमारे ९३६ साली अबुल कासिम अल-जहरावी याचा जन्म झाला. मृत्यू सुमारे १०१३ चा. आयुष्यभराच्या अनुभवाचे सार त्याने 'अत्-तसरीफ' या ३० भागांच्या प्रचंड ग्रंथात सन १००० च्या सुमारास ओतले. त्याचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. डाग देणे, कापणे-शिवणे, आणि हाडे बसवणे अशी त्याची तीन प्रकरणे आहेत. सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्याही त्यात आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला लोहाराकडून तशी हत्यारे घडवून घेता यावीत.

हाडांच्या प्रकरणात मोडलेल्या नाकावर स्वतंत्र अध्याय आहे. तो वाचताना असे वाटते की, एखादा आजचा प्राध्यापक वर्गात शिकवत आहे. नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा. कूर्चा मोडत नाही, ती चेचते किंवा वाकते, असे तो प्रथम सांगतो. नाक एका बाजूने बसले असेल तर त्या नाकपुडीत करंगळी घालून आतून उचलावे आणि बाहेरून अंगठा व तर्जनी यांनी आकार द्यावा. वरच्या भागापर्यंत बोट पोहोचत नसेल तर जाड टोकाची सळई वापरावी. हे शक्य तर पहिल्याच दिवशी करावे. ते जमले नाही तर सूज उतरल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास करावे.

वाचकहो, हे वेळापत्रक पुन्हा एकदा वाचा. सुजेच्या आधी, नाहीतर सूज उतरल्यावर. पण हाड पक्के जुळण्याच्या आत. आजची पाठ्यपुस्तके जवळजवळ हेच सांगतात.

पुढे तो लिहितो की, आत कापडाची वात ठेवावी. जुन्या वैद्यांपैकी काहींनी ती लोण्यात भिजवून रोज बदलावी असे म्हटले होते. अबुल कासिमला ते पसंत नव्हते. अंड्याच्या पांढऱ्या बलकात जात्यावरील पिठाची धूळ कालवून त्यात ती वात भिजवावी आणि हाड पक्के होईपर्यंत तशीच राहू द्यावी, असे त्याचे मत. कारण उघड आहे. रोज वात ओढून काढली तर नुकतेच बसवलेले हाड पुन्हा हलणार. कधी कधी हंसाच्या पिसाच्या पोकळ नळीला मऊ कापड गुंडाळून ती नाकपुडीत ठेवावी, म्हणजे श्वास कोंडत नाही, असेही त्याने सुचवले आहे. सुश्रुताच्या नळ्यांची येथे आठवण होते.

आणि याच भागाच्या प्रस्तावनेत त्याने एक कडू सत्य सांगितले आहे. आपल्या देशात आपल्या काळी चांगला शस्त्रवैद्य उरला नाही, कारण लोक शरीररचना न शिकताच शस्त्र हाती घेतात, अशी त्याची तक्रार होती. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरील गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती बाई त्याच्यासमोर गतप्राण झाली, असा स्वतः पाहिलेला प्रसंग त्याने नमूद केला आहे. म्हणजे इस्लामी विद्येच्या त्या सुवर्णकाळातही कुर्तुबाच्या या थोर हकिमाने आपल्या लोकांची वाहवा केली नाही. त्याने त्यांना अभ्यास करावयास सांगितले.

बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शस्त्रवैद्य 'अल्बुकासिस' या नावाने त्याला प्रमाण मानत राहिले. तुर्कस्तानात शरफुद्दीन साबुंजुओग्लू या शस्त्रवैद्याने १४६५ साली त्याच्याच आधारे तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला.

पुण्याजवळचा तो वीटकरी

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. तुटलेले नाक नव्याने घडवण्याची विद्या आपल्या दख्खनमध्ये ग्रंथाबाहेर, कारागिरांच्या हातांत जिवंत होती. औरंगजेबाच्या विजापूरशी झालेल्या संघर्षासंबंधी लिहिताना व्हेनिसचा प्रवासी मनुची याने नोंदवले आहे की, शत्रूने नाके कापलेल्या शिपायांना तेथील जर्राह कपाळाची कातडी वळवून नवी नाके लावून देत.

पुढे १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. कैद्यांना अशी शिक्षा देण्याची क्रूर चाल त्या काळी अनेक राज्यांत होती. सुमारे वर्षभर तो माणूस नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया आपल्या डोळ्यांनी पाहिली. पेशव्यांच्या पुण्यात काम करणारा चित्रकार जेम्स वेल्स याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह हकीगत छापून आली.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या जागी बसवावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून त्याभोवती रेघ मारावयाची. तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवून, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची. वर पाण्यात कालवलेला कात कापडावर लावून ठेवावयाचा. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेले कापड लावावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे तुकडे ठेवावयाचे. कातडी नव्या जागी रुजली की मधली पट्टी कापून टाकावयाची.

ती हकीगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने बरीच वर्षे चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याने १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही 'हिंदी पद्धत' साऱ्या युरोपात गेली. कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची पद्धत सुधारलेल्या रूपात आजही वापरात आहे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कार्प्यूचे नाव राहिले. चित्रकाराचे नाव राहिले. कावसजीचेही नाव राहिले. पण ज्याच्या हाताने हे घडले त्या पुण्याजवळच्या वीटकऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. तो निरक्षर होता की काय कोण जाणे. पण त्याने किंवा त्याच्या भाऊबंदांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. अबुल कासिमने लिहिले, म्हणून तो हजार वर्षे जिवंत आहे. लिहिणे आणि शिकवणे यांत किती मोठा फरक पडतो, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्यानंतरची प्रगती

एकोणिसाव्या शतकात तीन मोठ्या गोष्टी घडल्या. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. १८८४ साली कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि लवकरच नाक-घशाच्या डॉक्टरांनीही जागच्या जागी बधिर करण्याची ही रीत उचलली. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले. नाकाचे हाड आतून धरून उचलण्यासाठी खास चिमटे तयार झाले. वॉल्शम आणि ॲश यांच्या नावांचे चिमटे आजही डॉक्टरांच्या पेटीत असतात. अबुल कासिमची करंगळी आणि सळई यांचेच ते वंशज.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा पुन्हा फुलली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाने बसलेली नाके दुरुस्त करून त्यांनी अनेकांना पुन्हा समाजात तोंड दाखवण्याची हिंमत दिली. नाक हा खरोखरच इज्जतीचा प्रश्न आहे, हे अशा रुग्णांना विचारावे.

आज आपण काय करावे?

इतिहास येथे संपवून आता कामाचे बोलू.

मुलाच्या नाकावर मार बसला तर प्रथम त्याला धीर द्या आणि खाली बसवा. डोके मागे करू नका; किंचित पुढे झुकवा. डोके मागे केले की रक्त घशात उतरते, मूल ते गिळते, मळमळते, कधी ठसका लागून श्वासात अडथळा येतो. तोंडाने श्वास घ्यावयास सांगा. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खाली, दोन बोटांत हलके पण नीट धरून दहा ते पंधरा मिनिटे न सोडता दाबा. दर मिनिटाला सोडून पाहू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ नाकाच्या वरच्या भागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. बर्फ थेट कातडीला लावू नका. तोंडात आलेले रक्त थुंकू द्या.

नाक शिंकरू देऊ नका. आत कापूस किंवा चिंध्या कोंबू नका. कांदा, चुना, हळद, तंबाखू यांपैकी काहीही आत घालू नका. आणि कोणी कितीही जाणता असला तरी त्याला नाक ओढून 'बसवू' देऊ नका. वेदना असल्यास पॅरासिटामॉल वयाच्या मानाने द्यावे. ॲस्पिरिन मुळीच नको, कारण त्याने रक्त अधिक वाहते आणि मुलांना ते धोक्याचेही आहे. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपवावे.

काही लक्षणे दिसली तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मूल बेशुद्ध झाले, वारंवार ओकले, डोके फार दुखते म्हणाले. नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळू लागला. कानातून रक्त आले. एकाचे दोन दिसू लागले. मान दुखू लागली. नाकावरची कातडी फाटून हाड दिसू लागले. किंवा वीस मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, ही ती लक्षणे. मान दुखत असेल तर मुलाला उगाच हलवू नये. मिसरचा तो वैद्य ज्या ठिकाणी हात टेकून बसला, तेथे आजचा डॉक्टर प्राण वाचवू शकतो. पण रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. जखम उघडी असेल तर धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता माझ्या भावाची गोष्ट. त्याच्या नाकाच्या मधल्या पडद्यावर, आवरणाच्या आत, रक्त साचले होते. मघाशी सांगितलेले आठवा. पडद्याचे पोषण त्या आवरणातून होते. रक्त साचून आवरण पडद्यापासून सुटले की पडदा उपाशी पडतो. दोन-चार दिवसांत तो मरू लागतो, त्यात पू होतो, आणि आधार गेला की नाक खोगिरासारखे बसते. हे बाहेरून दिसत नाही. नाकपुडीत विजेरीचा उजेड टाकून पाहिले तर मधल्या पडद्यावर लालसर-निळसर मऊ फुगवटा दिसतो. डॉक्टरांनी लहानसा छेद देऊन ते रक्त काढले की नाक वाचते. म्हणून नियम असा करावा. नाकावर जोराचा मार लागला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, आतला पडदा पाहिलात का?" पुढचे तीन-चार दिवसही लक्ष ठेवावे. नाक दोन्ही बाजूंनी बंद होऊ लागले, वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या, ताप आला, तर पुन्हा लगेच जावे. लहान मुलांत ही जोखीम अधिक असते, आणि त्यांचे नाक अजून वाढायचे असते.

साध्या मोडीत क्ष-किरण फोटोची सहसा गरज नसते. डॉक्टरांचे डोळे आणि बोटेच अधिक सांगतात. नाक वाकडे दिसत असेल तर सूज उतरल्यावर, साधारण तीन ते पाच दिवसांनी, पुन्हा दाखवावे. हाड सरळ करायचे तर मुलांत सात ते दहा दिवसांच्या आत आणि मोठ्यांत दोन आठवड्यांच्या आत करणे चांगले. त्यानंतर हाड जुळते आणि मग मोठी शस्त्रक्रिया लागते. बरे झाल्यावरही सुमारे सहा आठवडे कबड्डी, फुटबॉल असे धडकेचे खेळ टाळावेत.

एक विनंती विशेषतः मातांना. मुलीच्या नाकाला मार लागला की काही घरांत ती गोष्ट लपवली जाते. लोक काय म्हणतील, पुढे लग्नात अडचण येईल, अशी भीती असते. पण वाकडे नाक लपत नाही, वेळेवर केलेला उपचार मात्र लपून जातो. मुलगा असो वा मुलगी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

शेवटी

आपल्या सभा-संमेलनांत अबुल कासिम अल-जहरावीचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते घेतलेही पाहिजे. पण आपल्या पूर्वजाने हजार वर्षांपूर्वी 'पहिल्याच दिवशी पाहा' असे लिहून ठेवले म्हणून छाती फुगवावयाची, आणि आपल्या मुलाचे नाक मात्र चौथ्या दिवसापर्यंत कोणी पाहावयाचे नाही, हा कसला अभिमान? त्या हकिमाची खरी कदर करायची तर त्याचे सांगणे पाळले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक. पण मैदानावर तुमचा मित्र रक्तबंबाळ होऊन पडेल त्या क्षणी तुम्हीच पहिले हकीम असाल. त्या वेळी गर्दी करून कांदा शोधू नका. त्याला बसवा, डोके पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग धरा, घड्याळ पाहा, आणि शिक्षकांना बोलवा. एवढे त्या दिवशी एखाद्या मुलाला ठाऊक असते, आणि आत पाहा असे म्हणणारे एखादे मोठे माणूस असते, तर माझा भाऊ आज छायाचित्रात सर्वांच्या मधोमध, समोर पाहून उभा राहिला असता.